फोटोतलं पिल्लू पोहोचत नाही: मुंबईची इंडी परदेशातल्या घरी नेताना

"मावशी, ते पांढऱ्या पायांचं मला हवंय. कधी पाठवतेस?"

न्यू जर्सीतल्या एडिसनहून भाचीचा हा फोन आला तेव्हा ते इंडी, म्हणजे आपल्या गल्लीतल्या देशी कुत्र्याचं पिल्लू, सहा आठवड्यांचं होतं. पार्ल्यातल्या आमच्या इमारतीमागे, जनरेटरच्या खोलीत, चार भावंडांच्या ढिगात ते झोपायचं आणि ओंजळीत मावायचं. न्यू जर्सीच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा त्याचं वजन 16 किलो होतं, पाय लांबलचक झाले होते, एक कान उभा आणि एक पडलेला, आणि घरातल्या मुलांच्या शाळेच्या बुटांवर त्याची नजर होती. भाची म्हणाली, "फोटोतलं पिल्लू कुठे गेलं गं?" मी म्हटलं, ते माझ्याकडे मोठं झालं.

एवढं एक समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. परदेशातून तुम्ही पिल्लू पसंत करता, पण हातात येतो तो जवळजवळ पूर्ण वाढीचा कुत्रा. मधले सहा-सात महिने तो मुंबईत कुणाच्या तरी घरात वाढतो, आणि तो पुढे कसा निघेल ते त्या घरात ठरतं. म्हणून हा लेख विमानापेक्षा त्या महिन्यांबद्दल जास्त आहे. परदेशात राहून इथलं पिल्लू घ्यायचं मनात असलेल्यांनी वाचावा, आणि "आमच्या मुलीला पाठवायचंय, तोवर सांभाळाल का?" असं ज्यांना विचारलं गेलंय त्यांनीही.

त्याआधी एक कटू प्रश्न

तुम्ही जिथे राहता तिथल्या शेल्टरमध्ये कुत्रे नाहीत का? बहुतेक ठिकाणी असतात. मुंबईहून एक कुत्रा अमेरिकेला न्यायला लागतात तेवढ्या पैशांत इथल्या बऱ्याच कुत्र्यांची नसबंदी होते. हे मी प्रत्येकाला पहिल्याच फोनवर सांगते. काहीजण फोन ठेवतात, काही त्या पैशांतला वाटा आमच्या गल्लीसाठी पाठवतात. दोन्ही चालतं.

मग मी पाठवते कशाला? तर काहींचा जीव एका विशिष्ट कुत्र्यावर जडलेला असतो. सुट्टीत आजीकडे आले, दारातल्या काळूशी महिनाभर खेळले, आणि आता तो नसलेलं घर त्यांना नको असतं. दुसरं म्हणजे तीन पायांचे, लोकलखाली शेपूट गमावलेले, वय झालेले. असे कुत्रे इथे कुणी घेत नाही, आणि परदेशात घेणारे भेटतात. गोंडस, धडधाकट, दोन महिन्यांच्या पिल्लाला मात्र मुंबईतच घर मिळतं, थोडी चिकाटी ठेवली तर.

आणि पिल्लू उचलताना त्याच्या आईला विसरू नका. तिची नसबंदी झाली नाही तर पुढच्या थंडीत त्याच जनरेटरच्या खोलीत नवा ढीग. पालिका आणि संस्था मिळून हे काम करतात. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीच्या कानाला खूण करतात आणि 2023 च्या नियमांप्रमाणे तिला तिच्याच जागी परत सोडतात. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू द्या. आई जिवंत असताना "रेस्क्यू" म्हणून चार आठवड्यांचं पिल्लू उचलून आणणारे उत्साही लोक मला नेहमी भेटतात. ते रेस्क्यू नव्हे.

आधी देश बघा, मग पिल्लू

फोटो बघण्याआधी तुमच्या देशाचा दरवाजा उघडा आहे का ते बघा. सगळ्या देशांची अडचण एकच: रेबीज. कुत्र्यांमधल्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत भारत मोडतो, त्यामुळे युरोपातून येणाऱ्या कुत्र्याला नसलेले नियम आपल्या इंडीला लागतात.

कॅनडातल्या मंडळींसाठी बातमी वाईट आहे. 28 सप्टेंबर 2022 पासून अशा देशांतून "व्यापारी" कुत्रे आणायला तिथे बंदी आहे, आणि व्यापारी म्हणजे फक्त विकायचे नव्हेत. दत्तक द्यायला किंवा फोस्टरसाठी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, येणारे कुत्रेही त्यातच धरतात. "मग माझाच पाळीव म्हणून दाखवू या ना" असं सुचवणारे भेटतात. खोट्या कागदावर मी कुत्रा पाठवत नाही. पकडला गेला तर भोगतो तो कुत्रा.

ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही. त्यांच्या मान्य यादीतल्या एखाद्या देशात आधी कित्येक महिने ठेवावं लागतं, मग तिथून पुढे विलगीकरण. तुमची बदली सिंगापूरला आणि मग सिडनीला होणार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर सिडनीतलाच कुत्रा घ्या.

अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम बदलले. कुठल्याही देशातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, म्हणजे गोंडस पिल्लाचा विषय तिथेच संपला. भारतासारख्या देशात लस टोचलेल्या कुत्र्याला त्याशिवाय कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, सरकारी पशुवैद्यकाच्या शिक्क्याचा लसीचा फॉर्म, आणि सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) मान्यता दिलेल्या प्राणी-केंद्रात आगाऊ जागा लागते. तिथे उतरल्यावर तपासणी होते आणि अमेरिकी लस पुन्हा टोचतात. रेबीजच्या रक्ततपासणीचा योग्य अहवाल सोबत नसेल तर त्याच केंद्रात 28 दिवस, तुमच्या खर्चाने. आणि अशी केंद्रं मोजक्याच विमानतळांवर आहेत: न्यूयॉर्कचं जेएफके, वॉशिंग्टनचं डलस, अटलांटा, मायामी, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस. भाचीच्या घरापासून नेवार्क जवळ, मुंबईहून तिथे थेट विमान होतं, तिकीटही काढून झालं होतं. रद्द करून जेएफकेचं काढावं लागलं. त्या तिकिटाचे पैसे बुडाले आणि आठवडाभर जावईबापू माझ्याशी जरा जपून बोलत होते.

कुत्रा तुमच्या नावावर येतोय की तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याला दत्तक दिला जाणार आहे, याने मोठा फरक पडतो. अमेरिकेत दत्तक देणं हेही कायद्याने हस्तांतरण धरतात आणि त्यासाठी तिथल्या कृषी खात्याचा वेगळा परवाना लागतो. ब्रिटन आणि युरोपीय संघातही मालकासोबत, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत, येणारा कुत्रा "पाळीव". बाकीचे व्यापारी नियमांत. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो: स्वतः या. लग्नासाठी येता, मुंजीसाठी येता, तशीच ही एक फेरी धरा. कुत्र्याला भेटा, त्याच्याबरोबर दहा दिवस राहा आणि आपला म्हणून बरोबर घेऊन जा.

ब्रिटनची आणखी एक खोच. विमानाने थेट ब्रिटनमध्ये उतरणारा कुत्रा कार्गोतूनच येऊ शकतो, तुमच्या सामानाबरोबर नाही. त्यामुळे बरेचजण ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसला उतरतात आणि गाडीत घालून समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे जातात. तसं करायचं तर युरोपीय संघाचे कागदही पूर्ण लागतात.

उलट्या दिशेचं विचारणारेही असतात: दुबईतलं किंवा युरोपातलं रेस्क्यू पिल्लू मुंबईत आणायचं आहे. थोडक्यात सांगते, आणू नका. 2016 मध्ये भारताने विक्रीसाठी किंवा पैदाशीसाठी कुत्रे आणायला बंदी घातली. आपलं वास्तव्य हलवून भारतात परत येणाऱ्यांना एका प्रवाशामागे दोन पाळीव प्राणी आणता येतात, तेही प्राणी विलगीकरण कार्यालयाचं ना-हरकत पत्र आधी घेऊन. मुंबईत बसून परदेशातलं पिल्लू मागवायची वाट यात नाही. आणि "परदेशातून पिल्लू फुकट, फक्त विमानभाडं द्या" असा मेसेज आला तर पुढचा मेसेज काय असतो तेही सांगून ठेवते: पिल्लू कस्टममध्ये अडकलंय, तातडीने पैसे भरा. पिल्लू नसतंच.

कॅलेंडर मांडा

रद्दीतलं जुनं कालनिर्णय नको, या वर्षाचं घ्या आणि पेन्सिलीने लिहा.

समजा पिल्लू 1 नोव्हेंबरला जन्मलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची बरीच बाळंतपणं पावसाळा सरल्यावर होतात, म्हणून हीच तारीख धरली. रेबीजची लस 12 आठवड्यांच्या आधी टोचली तर धरली जात नाही, म्हणजे 24 जानेवारी. त्या दिवशी आधी चिप, मग लस. लसीनंतर 30 दिवस पूर्ण झाल्यावर रक्त काढायचं, म्हणजे 23 फेब्रुवारी. आम्ही दिवस मोजण्याच्या वादात पडत नाही, दोन दिवस पुढे ढकलून 25 ला काढतो. या तपासणीला आमच्यात नुसतं "टायटर" म्हणतात. रक्तात रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच गेला पाहिजे. अमेरिकेसाठी पुष्कळजण कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीच्या रेबीज प्रयोगशाळेकडे पाठवतात. गल्लीतल्या पॅथॉलॉजीचा अहवाल कुणी बघत नाही.

आता देशाप्रमाणे फाटे फुटतात. ब्रिटन आणि युरोपीय संघासाठी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं: 25 मे. अमेरिकेसाठी रक्त काढल्यापासून 28 दिवस, म्हणजे 25 मार्च. पण सहा महिन्यांची अट आहेच, त्यामुळे 1 मेच्या आधी नाही. ब्रिटनला जाणाऱ्याला शेवटी पट्टकृमीचं औषध, तिथे पोहोचण्याच्या आधी 24 ते 120 तासांच्या खिडकीत, आणि ते डॉक्टरने स्वतः देऊन वेळेसकट कागदावर लिहायचं.

म्हणजे दिवाळीत पाहिलेलं पिल्लू उन्हाळ्याच्या सुट्टीत जातं, तेही सगळं वेळेवर झालं तर. एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे काही विमान कंपन्या प्राणी घ्यायला नाही म्हणतात. आमचा पेढा (तोच तो, पांढऱ्या पायांचा) जुलैत गेला, भर पावसात.

चिप आधी, सुई नंतर

हे वेगळ्या मथळ्याखाली लिहितेय कारण यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. चटणी नावाची कुत्री ब्रिटनमधल्या लेस्टरच्या एका कुटुंबासाठी सांभाळत होते. लसीच्या दिवशी दवाखान्यातल्या चिप संपल्या होत्या. "लस देऊन टाकू, चिप पुढच्या आठवड्यात बसवू," असं ठरलं. मीही मान डोलावली, शनिवारची दुपार होती, परत येण्याचा कंटाळा. तीन महिन्यांनी कागद तपासणाऱ्या बाईंनी दोन तारखांवर बोट ठेवलं. चिपच्या आधी दिलेली लस ही नेमकी याच कुत्रीला दिली याचा पुरावा नाही, म्हणून ती लस कागदोपत्री शून्य. नवी लस, नवे 30 दिवस, नवं रक्त, नवे तीन महिने. चटणी माझ्याकडे आणखी चार-साडेचार महिने राहिली. दवाखान्याची चूक निम्मी, माझी निम्मी.

चिप 15 अंकी आयएसओ मानकाचीच हवी. बसवल्यावर लगेच स्कॅन करून नंबर स्वतः वाचा, आणि पुढे रक्त काढताना, प्रमाणपत्र करताना, विमानतळावर जाण्याआधी, प्रत्येक वेळी पुन्हा स्कॅन. फोटो काढून ठेवा. 15 अंकांतला एक अंक एखाद्या कारकुनी हाताने चुकीचा लिहिला की कुत्रा अडतो.

पिल्लाचं जन्मप्रमाणपत्र नसतंच. वय डॉक्टर दातांवरून ठरवतात, आणि सगळ्या कागदांवर तीच एक तारीख आली पाहिजे. एका कागदावर "अंदाजे तीन महिने" आणि दुसऱ्यावर "चार" असं झालं तर शंका घ्यायला जागा उरते.

मधले महिने: फोस्टर घर

परदेशात बसलेल्यांनी सगळ्यात जास्त चौकशी विमान कंपनीची करू नये, फोस्टरची करावी. कुत्र्याला बोर्डिंगच्या पिंजऱ्यात सात महिने ठेवून पाठवणारेही आहेत. असा कुत्रा कागदाने सुदृढ असतो आणि घरात आल्यावर टीव्हीला घाबरून सोफ्याखाली आठवडा काढतो. पिल्लाचं मन जगाला सर्वात मोकळं असतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तुमचं पिल्लू त्या काळात तुमच्याकडे नसणारच. मग ते कुणाकडे आहे, घरात माणसं किती, मुलं आहेत का, दुसरा कुत्रा आहे का, झोपतं कुठे, हे विचारा. दर आठवड्याला फोटो नको, व्हिडिओ मागा. फोटोत सगळेच शहाणे दिसतात.

फोस्टर होणाऱ्यांसाठी पहिले दोन आठवडे: पिल्लू बाथरूममध्ये किंवा एका खोलीत वेगळं. घरातल्या कुत्र्याशी भेट नाही, खाली फिरणं नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे संसर्ग मुंबईच्या रस्त्यांवर कायम फिरत असतात, आणि वरून ठणठणीत दिसणारं पिल्लू चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब करू लागतं. तसं झालं तर दुपारपर्यंत थांबून बघू असं करू नका. डोळ्यांत भरण्याइतकी गोचिडं असतील तर हाताने उपटत बसू नका, डॉक्टरकडून औषध घ्या. खरूज असेल तर घाबरू नका, ती बरी होते आणि दोन महिन्यांनी तेच पिल्लू ओळखू येत नाही. पावसाळ्याआधी लेप्टोची लस झालेली असावी. आपल्याकडे पाणी तुंबतं आणि घुशी सगळीकडे आहेत. परळचं पेटिट हॉस्पिटल, जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, पण रांगेची तयारी ठेवा. (कुत्र्यांवरून या शहरात फार पूर्वीपासून भांडणं आहेत. 1832 साली इंग्रजांनी भटके कुत्रे मारायची मोहीम वाढवली तेव्हा फोर्टातल्या पारशांनी दंगल केली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी फार तापलं की मला तीच आठवते.)

खाणं साधं: भात, चिकन किंवा अंडं, भोपळा, हळद चिमूटभर, मीठ नाही. पार्ले-जी नाही. मी पार्ल्यात राहून हे म्हणते आहे. दूध-पोळीही नको, पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही. जाण्याच्या महिनाभर आधी तिकडे मिळेल असं कोरडं खाणं थोडं थोडं मिसळायला लागा, नाहीतर नव्या घराची पहिली ओळख जुलाबांनी होते.

आणि मग शिकवण. परदेशी घरासाठी "शेक हँड" येण्याची गरज नाही. लिफ्ट यायला हवी. पहिल्यांदा लिफ्टचं दार बंद झालं की इंडी जमिनीला चिकटते. रोज दोन मजले, खाऊ देत देत, आठवड्यात होतं. गाडीत बसणं. हार्नेस अंगावर घेणं. तोंडात हात घालून दात बघू देणं. एकटं राहणं, आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. हे शेवटचं आपल्याकडे राहून जातं कारण आपल्या घरात सतत कुणीतरी असतं: आजी, कामाच्या मावशी, दूधवाला. तिकडे दोघंही कामावर आणि घर शांत. मुंबईच्या कुत्र्याला आवाजाची भीती कमी असते, ढोल-ताशांत वाढलेला असतो. शांतता मात्र त्याला नवी असते.

भाषेचं काय? तुम्ही घरात मराठी बोलत असाल तर मराठीतच शिकवू द्या. "बस", "थांब", "नको", "चल खाली". पेढा आजही "सिट" ला ढिम्म बसत नाही आणि "बस" म्हटलं की बसतो. भाचीच्या मुलांचं मराठी त्या निमित्ताने सुधारलं, असं बहीण सांगते. मला तेवढा विश्वास नाही. घर मराठी नसेल तर फोस्टरने दोन्ही शब्द जोडून वापरावेत आणि यादी लिहून द्यावी.

जाण्याआधीच्या तपासण्या

लसी आणि टायटर म्हणजे तब्येत नव्हे. मुंबईत गोचिडांमुळे टिक फीवर सर्रास होतो, एर्लिकिया आणि बबेसिया हे त्यातले दोन, आणि कुत्रा महिनोन् महिने वरून बरा दिसू शकतो. डासांमुळे हार्टवर्म, म्हणजे हृदयातले जंत. या तपासण्या निघण्याच्या आधी दीड-दोन महिने करून घ्या, म्हणजे काही निघालं तर उपचाराला वेळ मिळतो. अहवाल वाईट आला तर पुढच्या कुटुंबाला आजच कळवा. लपवलेला आजार तिकडच्या पहिल्याच डॉक्टरकडे उघड होतो, त्याचं बिल इथल्या दहापट येतं, आणि नंतर इंडी म्हटलं की त्या गावात कुणी दार उघडत नाही. नसबंदी शक्यतो इथेच करून पाठवा. टाके सुकल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्या.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरचं आरोग्य प्रमाणपत्र, आणि ते घेऊन केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन कार्यालयाचं निर्यात प्रमाणपत्र. मुंबईत हे कार्यालय आहे, पण वेळ आधी घ्या आणि मध्ये शनिवार-रविवार किंवा सुट्टी येतेय का ते बघा. गणपतीत कुत्रा पाठवायला निघालेल्या एका काकांची धावपळ मी पाहिली आहे. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती: एक हातात, एक पिंजऱ्यावर प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवलेली, एक फोनमध्ये. नियमही बदलत असतात. तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाचं सरकारी पान स्वतः वाचा, माझा लेख नव्हे.

क्रेट आणि विमान

क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, लवकर घेऊ नका. तीन महिन्यांच्या पिल्लाला बघून घेतलेली क्रेट सात महिन्यांच्या कुत्र्याला होत नाही, आणि ती विमानतळावरच परत पाठवतात. साधारण पाचव्या महिन्यात मापं घ्या. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, अधिक कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभ्या कानांच्या वर. आत तो उभा राहून, फिरून, पसरून झोपला पाहिजे. आणि थोडं वाढीव घ्या, अजून वाढतोय तो.

मग ती क्रेट दिवाणखान्यात दोन महिने उघडी पडू द्या. जेवण आत, दुपारची झोप आत, दार उघडं. नंतर दार बंद, पाच मिनिटं. नंतर रात्रभर. या दोन महिन्यांना दुसरा पर्याय नाही. झोपेचं औषध देऊन पाठवू म्हणाल तर नको. उंचीवर श्वासाचा आणि रक्तदाबाचा धोका असतो, आणि गुंगीतला कुत्रा विमान कंपन्या घेत नाहीत.

इंडी पूर्ण वाढीला केबिनमध्ये मावत नाही, त्यामुळे एकतर तुमच्या तिकिटावर सामानाच्या कक्षात, नाहीतर कार्गोतून. सामानाच्या कक्षात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सुटकेसांखाली दबलेला कुत्रा येतो. तसं नसतं, प्राण्यांच्या कक्षात हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. तिकीट काढण्याआधी त्या विमानात कुत्र्याची जागा आहे का ते विचारून लेखी घ्या. प्रत्येक विमानात प्राण्यांची संख्या ठरलेली असते. एकच बदल आणि लांब थांबा असलेला मार्ग मला बरा वाटतो. दोन बदल नकोत.

त्या दिवशी: चार-सहा तास आधी हलकं जेवण. संध्याकाळी लांब फेरी, दमू दे. वाटीत पाणी गोठवून लावा, म्हणजे उचलताना सांडत नाही आणि हळूहळू वितळतं. आत नवी महागडी गादी नको, घरातली जुनी गोधडी घाला, आठवडाभर तुम्हीच पांघरलेली. सहार विमानतळावर निदान चार तास आधी पोहोचा. आणि निरोप घरी घ्या. विमानतळावर रडारड करणाऱ्या फोस्टरमुळे कुत्रा बिथरतो. हे मी शिकले ते तिसऱ्या कुत्र्याच्या वेळी, आधीच्या दोघांची मनोमन माफी मागून.

खर्च? क्रेट, टायटर, विमान, आणि अमेरिकेला जायचं तर तिथल्या केंद्राचं शुल्क. सगळं मिळून लाखाच्या बरंच पुढे जातं. यात फोस्टरचा सात महिन्यांचा खर्च कुणी धरत नाही. धरा.

उतरल्यावर

पहिले तीन दिवस पाहुणे नाहीत. अख्खं महाराष्ट्र मंडळ बघायला येणार असेल तर पुढच्या महिन्यात बोलवा. घरात एक कोपरा, क्रेट उघडी, गोधडी आत, न धुतलेली.

सगळ्यात मोठा धोका पळण्याचा. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याची पहिली युक्ती धूम ठोकणं हीच असते, आणि नवख्या गावात तो कुणाकडे परत येणार? पहिला महिनाभर दोन पट्टे: एक हार्नेसला, एक न निसटणाऱ्या कॉलरला, दोन्ही हातात. घराचं दार उघडताना कुत्रा दुसऱ्या खोलीत. विमानतळावरून थेट गाडीत, गाडीतून थेट घरात. वाटेत "जरा पाय मोकळे करू दे" म्हणून पेट्रोलपंपावर उतरवू नका. बागेला कुंपण असलं तरी सुटं सोडू नका. आपल्या गल्लीतल्या पोरांनी सोसायटीच्या भिंतींवरून सराव केलेला असतो.

जमलं नाही तर काय, हे निघण्याआधी लेखी ठरलेलं असावं. मुंबईला परत पाठवणं हा व्यवहारात पर्याय नसतो. तिथलीच एखादी संस्था किंवा दुसरं कुटुंब, ज्यांनी आधीच हो म्हटलंय, त्यांचं नाव करारात हवं. मी हे नाव मिळाल्याशिवाय रक्तसुद्धा काढायला पाठवत नाही.

आणि चिप. ती बसवली मुंबईत, त्यामुळे बहुतेक वेळा नोंद फोस्टरच्या किंवा संस्थेच्या फोनवर असते. पहिल्याच आठवड्यात तिथल्या नोंदणीत तुमचं नाव आणि नंबर घाला. पेढा गेल्यावर भाची हे विसरली. दोन महिन्यांनी तो कुंपणाखालून निसटला, कुणीतरी दवाखान्यात नेऊन स्कॅन केला आणि पहाटे साडेतीनला पार्ल्यात माझा फोन वाजला.